साडेदहाची वाट

नऊ वाजून दहा मिनिटं झालीत आणि आईचा ओटा पुसून झालाय. या घरात हे मी पहिल्यांदाच बघतेय. आज नागपंचमी, म्हणजे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. सकाळी पुरणाची दिंडं उकडली, अख्ख्या मटकीची उसळ केली, वरणभात. घासायची भांडी मुळातच कमी निघाली. पण खरं कारण वेगळं आहे. फडकं पिळून दांडीवर टाकताना ती म्हणते, "साडेदहाला तुलसी येणारेय. आज मी पुढं बसणार."

तारीख २९ जुलै २०२५. कऱ्हाडच्या सोमवार पेठेतलं आमचं घर, बाहेर पावसाची भुरभुर, आणि पंचमीला माहेरी आलेली मी. तुलसीची 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आज पुन्हा सुरू होतेय. पहिल्यांदा ती सुरू झाली ३ जुलै २००० ला आणि संपली ६ नोव्हेंबर २००८ ला. १८३३ भाग झाले. त्यातल्या पहिल्या दोन वर्षांतले किती भाग आईनं समोर बसून पाहिले, ते मला पक्कं ठाऊक आहे. जवळजवळ एकही नाही.

त्याच ३ जुलैला रात्री नऊ वाजता 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं होतं. तेव्हा सगळं घर जेवून टीव्हीपुढं. बाबा उत्तरं मोठ्यानं सांगायचे, दादा त्यांच्या आधी सांगायला बघायचा. ते संपलं की बाबा अंथरुणावर जायचे आणि बंगईवरची आजी म्हणायची, "आता माझं लावा." त्या वेळी आई आत खरकटी भांडी घेऊन बसलेली असायची. मोरी आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये एक भिंत. मालिकेतल्या विराणी कुटुंबातली माणसं आईला आधी आवाजांवरून कळली, चेहरे नंतर जुळले. तुलसीचा नवरा मिहीर गेला त्या रात्री आजीनं हुंदका दिला, तेव्हा आई राखेचे हात तसेच घेऊन उंबऱ्यापर्यंत आली, क्षणभर पडद्याकडं बघितलं आणि परत आत गेली. उंबरा तिनं ओलांडला नाही. मला ते आजही दिसतं.

"अगं, बस की," वहिनी मला म्हणते आणि सोफ्यावरची उशी सरकवते. तिच्या दोन्ही हातांवर कालची मेंदी आहे, गडद रंगलेली. शेजारच्या काकूही आल्यात. त्यांच्याही उजव्या तळव्यावर एक छोटंसं फूल आहे. काका जाऊन अकरा वर्षं झाली. काल वहिनीनं त्यांचा हात धरला आणि काही न विचारता ते फूल काढलं, हे मला आईनं दुपारी सांगितलं. काकू बोलताना तो हात मिटून ठेवतात आणि बोलण्याच्या भरात तो उघडतो.

पडद्यावर नऊची मराठी मालिका चाललीय. कुणीतरी दाराआडून ऐकतंय. ऐकणाऱ्या बाईच्या भुवया आधी एका बाजूनं दिसतात, मग दुसऱ्या, मग समोरून. धाकटी सून मध्यरात्री जरीच्या साडीत, केसांत गजरा. पाच मिनिटं झाली तरी गोष्ट त्या दारातून पुढं सरकलेली नाही. मला राग येतो. कारण हे करणाऱ्यांना यापेक्षा चांगलं येतं, हे आपण पाहिलेलं आहे. १९९९ साली अल्फा मराठीवर 'आभाळमाया' आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी नोकरी करायची, मुली वाढवायची, नवऱ्याचं दुसरीकडचं नातं तिला कळायचं, आणि तरी ती कुणाला विष घालायची नाही की स्मृती हरवून बसायची नाही. ती विचार करायची आणि तो विचार आपल्याला दिसायचा.  पुढं शनिवारचाही भाग आला, रविवारचा महाएपिसोड आला. रोज वीस-बावीस मिनिटं भरायची म्हटल्यावर बाईच्या मनात उतरण्यापेक्षा दाराआड उभं राहणं सोपं पडतं. तेव्हा गोष्ट सरळ रेषेत पुढं गेली, असं मी म्हणणार नाही. सुधा जोशीनंतर कितीतरी वर्षं आम्ही मागं आलो.

"तुम्ही 'हम लोग' बघितलंवता का हो वहिनी?" काकू आईला विचारतात.

"आमच्याकडं कुठला टीव्ही तेव्हा! समोरच्या वाड्यात जायचो. पुरुष खुर्च्यांवर, पोरं पुढं, आम्ही मागं भिंतीला टेकून. आवाज पोचायचा नाही नीट. पण अशोक कुमार शेवटी येऊन बोलायचा ना, ते कळायचं. आपल्याशीच बोलतोय वाटायचं."

मला ते ऐकताना भागवंती आठवते. 'हम लोग' जुलै १९८४ मध्ये सुरू झाली, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांमधून कुटुंबनियोजन, साक्षरता असे विषय लोकांपर्यंत नेले होते, तोच प्रयोग इथं करायचा होता. सुरुवातीचा उपदेश लोकांना रुचला नाही, मग तो कमी केला आणि बडकी, मझली, छुटकी, नन्हे घराघरांत पोचले. भागवंती ही त्यांची आई. दारुड्या नवऱ्याचं, सासूचं सगळं मुकाट सोसणारी. तिच्याकडं बघून बायकांनी म्हणावं की असं जगायचं नाही, ही योजना. घडलं उलटं. कितीतरी बायकांना ती आदर्श वाटली.

मी आईला विचारते, "तुला भागवंती आवडायची?"

आई लगेच बोलत नाही. पडद्यावर जाहिरात लागलीय, तिचा निळा उजेड आईच्या चष्म्यावर पडलाय. "आवडायची म्हणजे," ती म्हणते, "कुणीतरी आपल्यासारखं आहे असं वाटायचं. तेवढंच पुष्कळ होतं तेव्हा."

ज्यांनी भागवंती लिहिली त्यांना हे उत्तर मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं. आई सोसणं शिकत नव्हती. ते तिला येतच होतं. भिंतीला टेकून, आवाज धड पोचत नसताना, ती फक्त ओळख शोधत होती.

भाची जमिनीवर पालथी पडून मोबाइल बघतेय. बारावीला आहे. "आत्या, हे ॲपवर उद्याही बघता येतं. एवढं जागायची काय गरज?"

"उद्या कशाला?" आई म्हणते. "साडेदहाची म्हणजे साडेदहालाच."

वहिनी हसते. तिचं लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा 'चार दिवस सासूचे' चालू होती, रोहिणी हट्टंगडींची आशालता देशमुख. २००१ ते २०१३, तीन हजारांच्या वर भाग. आजी तेव्हा थकलेली, पण मालिका सुरू झाली की बंगईवर ताठ बसायची. तिला जे वहिनीला सांगायचं असायचं ते ती पडद्याकडं बघून सांगायची. "बघा, सून कशी मोठ्यांच्या आधी उठते." आईला जे आजीला सांगायचं होतं, तेही आई पडद्याकडं बघूनच म्हणायची. आमच्या घरातली निम्मी भांडणं आणि निम्म्याहून जास्त समजुती अशाच झाल्या. समोरासमोर कुणी कुणाला काही बोललं नाही. मधे कुणीतरी तिसरी बाई लागायची, पडद्यावरची, जिला काहीही बोललं तरी घर मोडत नाही.

त्यातली एक समजूत मी स्वतः पाहिलीय. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये आली. मूळ गोष्ट बंगालीतली, 'श्रीमोयी'. हिंदीत तिची 'अनुपमा' झाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नडमध्येही ती गेली. म्हणजे घरासाठी पंचवीस वर्षं खपून ज्यांना 'तू काय करतेस?' असं ऐकावं लागतं, अशा बाया या देशात कुठल्याच भाषेत कमी नव्हत्या. मराठीतल्या अरुंधतीला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी नवऱ्याचं प्रकरण कळतं. पुढं ती घटस्फोट घेते, घर सोडते. त्या दिवसांत मी इथं आले होते. याच सोफ्यावर आम्ही तिघी. वहिनीला एका पतसंस्थेत नोकरीची संधी होती आणि घरात त्यावर महिनाभर कुणी बोलत नव्हतं. अरुंधती बॅग घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली आणि आई म्हणाली, "हिनं आधीच बाहेर पडायला पाहिजे होतं. कामासाठी तरी." एवढंच. वहिनीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीनं अर्ज भरला. आता ती त्या पतसंस्थेत काउंटर सांभाळते आणि संध्याकाळच्या पोळ्या दादा आणि आई मिळून करतात.

हे मालिकेनं केलं का? एकट्या मालिकेनं नाही. वहिनीचा पदवीचा कागद होता, घराचा हप्ता होता, दादाचा स्वभाव होता. पण ते वाक्य म्हणायला आईला जागा लागली आणि ती जागा रात्री साडेसातच्या मालिकेत मिळाली.

"त्या दुसऱ्या मालिकेत सुनेनंच सासूचं लग्न लावलं ना," काकू मधेच म्हणतात. त्यांना 'अग्गंबाई सासूबाई' म्हणायचंय, २०१९ ची. निवेदिता सराफांची आसावरी आणि गिरीश ओकांचे अभिजित राजे. "मला आधी कसंतरीच झालं होतं बघून. या वयात काय हे! मग रोज बघायला लागले." त्यांचा हात उघडलाय, तळव्यावरचं फूल दिसतंय. यावर कुणी काही बोलत नाही. वहिनी त्यांच्या पुढ्यात लाह्या-फुटाण्यांची वाटी सरकवते.

दहा पंचवीस. दादा हिशोबाची वही मिटून आतल्या खोलीत जातो. भाची रिमोट घेते आणि हिंदी चॅनेल लावते. आई उठते, पदर खोचते, पुन्हा सोडते, आणि पहिल्या खुर्चीवर येऊन बसते. टीव्हीपासून चार हातांवर. आजीची बंगई तिच्या डाव्या हाताला रिकामी आहे. आजीला जाऊन चौदा वर्षं झाली. बंगई कड्यांवरून काढायला कुणी तयार नाही आणि तिच्यावर बसतंही कुणी नाही.

सुरू होतं. ती ओळखीची धून, ते विराणींचं घर, शांतिनिकेतन. तुलसी झालेली स्मृती इराणी दिसते आणि काकू म्हणतात, "किती बदलली!" मधल्या काळात ती केंद्रात मंत्री होती, निवडणुका जिंकली, हरली. आई म्हणते, "पंचवीस वर्षं झाली. आपण नाही बदललो?" भाची मोबाइल उलटा ठेवून बघायला लागलीय. वहिनी तिला कोण कुणाची कोण ते सांगतेय, हळू आवाजात. आई मात्र बोलत नाही. ती पुढं वाकून बघतेय आणि तिच्या कपाळाला मधोमध आठी पडलीय, सुईत दोरा ओवताना पडते तशी.

जाहिराती लागतात. आई उठते. मला वाटतं पाणी प्यायला. बराच वेळ येत नाही म्हणून मी आत जाते. स्वयंपाकघरात दिवा लावलेला नाही. पाटावर चंदनानं काढलेला नाग, त्यावर वाहिलेल्या लाह्या, देवघरातल्या समईचा उरलासुरला उजेड. आई ओट्याशी उभी आहे, भिंतीकडं तोंड करून. मोरी आता नाही, तिच्या जागी स्टीलचं सिंक आलंय, पण भिंत तीच.

"काय झालं गं?"

ती ओठांवर बोट ठेवते. भिंतीपलीकडं जाहिराती संपतात आणि तुलसीचा आवाज येतो, जरा जाड झालेला, पण तोच.

"तिथं बसून मला ओळखूच येईना ती," आई पुटपुटते. "इथनं ओळखली."

बाहेरून वहिनी हाक मारते, "आई, या लवकर, लागलं."

"आले," आई म्हणते आणि तिथंच उभी राहते. मी तिच्या शेजारी ओट्याला टेकते. आम्ही दोघी ऐकत राहतो.