डिकी तोलून धरणारा वायू

मोटारीची डिकी हाताने थोडी उचलली की पुढे ती आपली आपण वर जाते आणि तेथेच थांबून राहते. हे काम तिच्या दोन्ही कडांना बसवलेल्या काळ्या नळ्या करतात, ज्यांना अभियंते गॅस स्ट्रट, म्हणजे वायुदाबावर चालणारा टेकू, म्हणतात आणि गॅरेजात ‘डिकी शॉकर’ म्हणून मागितले जाते. सुरतेतील उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे आखाजीला किंवा दिवाळीला व्यारा, सोनगड, नवापूर या मार्गाने गावी निघतात, तेव्हा सामान रचणारा माणूस कमरेपर्यंत डिकीत वाकलेला असतो आणि त्याच्या मानेवरचे झाकण केवळ या दोन नळ्यांतल्या वायूच्या भरवशावर उभे असते. तरीही इंजिन ऑइल आणि टायर यांची नियमाने चौकशी करणारा गाडीमालक या नळ्यांकडे सहसा पाहत नाही.

नळीत नायट्रोजन कोंडलेला असतो, कारण या कोरड्या, निष्क्रिय वायूमुळे आतले पोलाद गंजत नाही. नळीतून बाहेर येणाऱ्या गुळगुळीत दांडीच्या आतल्या टोकाला दट्ट्या असतो आणि त्यात बारीक छिद्र असल्यामुळे दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना वायूचा दाब सारखाच राहतो. मात्र एका बाजूला दांडीने जागा व्यापलेली असल्याने तेवढ्या क्षेत्रफळावर वायूला जोर लावता येत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या जोरातला हा फरकच दांडीला बाहेर लोटतो. दांडीचा व्यास 8 मिलिमीटर आणि दाब 100 बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळपास शंभरपट, धरला तर हे बल 500 न्यूटन, म्हणजे साधारण 50 किलो वजनाइतके भरते. टेकू बिजागरीच्या जवळ बसवलेला असल्यामुळे झाकणाच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक बल लागते. दांडी ज्या तोंडातून ये-जा करते तेथे रबराचे सील असते, आणि नळीतले थोडेसे तेल त्या सीलला ओले ठेवते व डिकी पूर्ण उघडताना शेवटचा धक्का मऊ करते.

सुरतेच्या हवेचा प्रश्न येथे उभा राहतो. बंद नळीतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो, दर 10 अंशांना सुमारे साडेतीन टक्के या हिशेबाने. त्यामुळे जानेवारीतल्या पहाटे 15 अंशांवर असलेली नळी मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर 45 अंशांपर्यंत तापली, तर तिचे बल सुमारे 10 टक्क्यांनी वाढलेले असते, म्हणजे वरच्या उदाहरणात प्रत्येक टेकूला सुमारे पाच किलोचे बळ उसने मिळते. वायू हळूहळू गळून अशक्त झालेला टेकू उन्हाळाभर या उसन्या बळावर निभावून नेतो आणि थंडीतल्या एखाद्या सकाळी एकाएकी डिकी खाली येऊ देतो. शिवाय जी उष्णता बल वाढवते तीच सीलचे रबर कडक करून गळतीची वाट मोकळी करते. म्हणून या शहरात टेकूची परीक्षा दुपारी नव्हे, थंडीत सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी घेतली पाहिजे: डिकी अर्ध्याहून थोडी वर नेऊन सोडल्यावर ती खाली झुकली, तिची एक बाजू मागे राहिली किंवा दांडीवर तेलाचा ओघळ दिसला, तर बदलण्याची वेळ आली असे समजावे.

दांडीची निगा अगदी साधी आहे. डिकी बंद असताना दांडी नळीत सुरक्षित राहते, पण हजिऱ्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात किंवा खाडीपुराचा गाळ अंगावर असताना ती उघडी राहिली, तर मुलाम्यावर गंजाचे सूक्ष्म खड्डे पडतात आणि दर खेपेला ते सीलला खरवडतात. त्यामुळे दांडी ओल्या मऊ फडक्याने पुसावी. तिला पकडीने धरू नये, तिच्यावर रंग उडू देऊ नये आणि ग्रीसही लावू नये, कारण ग्रीसला धूळ चिकटते.

बॉनेटला भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत साधी लोखंडी दांडीच असते, टेकू महागड्या गाड्यांत आढळतात. मात्र बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या अनेक गाड्यांत गॅस भरण्याचे तोंड बॉनेटखाली असल्याने दर भरण्याला बॉनेट उघडावे लागते, आणि तेथे टेकू असतील तर त्यांची झीजही तितक्याच लवकर होते.

नवा टेकू केवळ लांबी जुळवून घेणे ही नेहमीची चूक आहे. नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा आणि भाग क्रमांकही जुळले पाहिजेत, कारण जास्त बलाचा टेकू बिजागऱ्या आणि पत्रा वाकवतो. दोन्ही बाजूंचे टेकू एकदमच बदलावेत, नाहीतर नव्या-जुन्याच्या ओढाताणीत झाकण पिळले जाते. बदलताना डिकी पूर्ण उघडून दुसऱ्या माणसाने ती धरावी किंवा खाली भक्कम लाकूड लावावे, आणि एका वेळी एकच टेकू काढावा. टोकाच्या खोबणीवरची तारेची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने किंचित उचकटली की खोबण गाडीला बसवलेल्या गोळ्यावरून सुटते. क्लिप पूर्ण काढली तर ती हमखास हरवते. दांडी कोणत्या बाजूला होती हे आधी पाहून ठेवावे व नवा टेकू तसाच लावावा, कारण दांडी खालच्या बाजूला असली तरच तेल सीलपाशी साचते. गोळा पुसून, त्यावर ग्रीसचे बोट फिरवून खोबण दाबली की ‘खट्’ असा आवाज येतो. तो येईपर्यंत लाकूड काढू नये.

जुन्या नळीला भोक पाडून पुन्हा वायू भरून घेण्याचा उपाय स्वस्त वाटला तरी धोक्याचा आहे, कारण ती कारखान्यात कायमची बंद केलेली असते आणि दुबळ्या झालेल्या नळीतही मोठा दाब उरलेला असतो. तिला कापणे, तापवणे किंवा वेल्डिंग लावणे टाळावे, आणि भंगारात देताना नळीत दाबाखालचा वायू आहे हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगून, तसे रंगाने वर लिहूनच ती त्याच्या हाती द्यावी.