फिजिक्स घेऊन पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरीत घरोघरी एकच चर्चा. मुलगी म्हणाली, "मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करते," की शेजारच्या काकू विचारणारच, "अगो, त्यात पुढे काय? शिक्षिकाच ना?" मैत्रिणींनो, शिक्षिका होणं कमीपणाचं नाहीच. पण आज एक वेगळी वाट सांगते.

मृगाच्या तोंडावर भाट्याच्या समुद्रावर वीज कडाडते, घरात ट्यूबलाइट लागते. दोन्हीकडे असतो प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. सूर्यही प्लाझ्माचाच. समुद्रासारख्या त्यातही लाटा उठतात.

या लहरींचा अभ्यास केला डॉ. बिमला बुटी यांनी. जन्म १९३३चा, मुलतानचा. दिल्ली विद्यापीठात शिकून त्या थेट शिकागोला गेल्या. तिथे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हाताखाली १९६२ साली पीएच.डी. झाल्या. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी वीसहून अधिक वर्षं काम केलं. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या फेलो झालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला भौतिकशास्त्रज्ञ!

या लहरींचा आपल्याला उपयोग काय? जैतापूरमुळे अणुऊर्जा हा शब्द आपल्याला नवा नाही. तिथल्या नियोजित भट्टीत अणू फोडायचे आहेत. सूर्यात मात्र ते जुळतात. तसं इथे जुळवायचं, तर पंधरा कोटी अंश तापमान लागतं. कुठलंच भांडं ते सोसणार नाही. म्हणून प्लाझ्मा चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरायचा. बाहेरून नेमक्या लहरी सोडल्या तर तो तापतो. आतल्या लहरी बिथरल्या तर निसटतो. सगळी गोम इथेच आहे. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' यंत्रावर १९८९ पासून हेच प्रयोग चालू आहेत. फ्रान्समध्ये 'ईटर' हे प्रचंड यंत्र उभं राहतंय, त्यातही भारत भागीदार आहे. ही वीज आपल्या घरात यायला वेळ लागेल. म्हणूनच तर आजच्या मुली हव्यात.

वाट लांबची आहे. बी.एस्सी., एम.एस्सी., मग 'जेस्ट'सारखी प्रवेश परीक्षा आणि पाच-सहा वर्षांची पीएच.डी. पण पीएच.डी. करताना विद्यावृत्ती मिळते, घरावर भार पडत नाही. "तोवर लग्नाचं वय निघून जाईल," असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. लेकीची हुशारी निघून गेली, तर ती कुठून परत आणणार?