काळं कुठे, पांढरं कुठे

हॅनोव्हरला मला पाठवलं होतं ते गणितज्ञ लायब्निझच्या गणनयंत्रासाठी. त्याचं नाव लावणाऱ्या ग्रंथालयाने ते जपून ठेवलं आहे. शून्य आणि एक या दोनच अंकांत सगळं गणित मांडण्याचं टिपण त्याने १६७९मध्ये, या शहरात राहत असताना लिहिलं. पण इथल्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सांगलीच्या मुलीने मला तिच्या संगणकापुढे बसवलं, आणि मी तिथेच गुंतलो.

तिचं रोजचं साधन इमेजजे, म्हणजे प्रतिमा पाहण्याची आणि मोजण्याची संगणकप्रणाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी मॅकिंटॉशसाठी १९८७ साली सुरू केलेल्या कामातून १९९७मध्ये ते जावा भाषेत आलं. ते फुकट आहे आणि कुणीही आपलं प्लगइन लिहून त्याला जोडू शकतं.

१६ बिटांच्या प्रतिमेत प्रत्येक बिंदूला ० ते ६५,५३५मधला एक आकडा असतो. पडद्यावर मात्र करड्याच्या छटा २५६च. मग कुठल्या आकड्याला पूर्ण काळं आणि कुठल्याला पूर्ण पांढरं म्हणायचं, हे ठरवावं लागतं. एका बिंदूचा आकडा ९०० आहे. काळं २००वर आणि पांढरं ४,०००वर धरलं, तर त्याला ४७वी छटा मिळते, जवळजवळ अंधारच. पांढरं १,०००वर आणलं, की तोच बिंदू २२३व्या छटेवर लखलखतो.

"काका, फाइलमध्ये ९००च आहे हं," ती म्हणाली.

मला धास्ती वाटली ती पुढच्या गोष्टीची. अशी प्रतिमा उघडताना इमेजजे ही दोन टोकं त्या प्रतिमेतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांवरून स्वतःच ठरवतं. एकटी प्रतिमा पाहायला ते सोयीचं. पण निरोगी आणि आजारी पेशींच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या, तर मंद चमकणारी पेशीही दुसरीइतकीच उजळ दिसते. जो फरक शोधायचा, तोच पडद्यावरून जातो.

म्हणून तिचं प्लगइन सगळ्या प्रतिमांना एकच टोकं लावतं. 'सेटडिस्प्लेरेंज' ही आज्ञा, मग 'अपडेटअँडड्रॉ'. दुसरी राहिली तर टोकं बदलतात आणि पडद्यावर जुनंच चित्र राहतं. अनेक रंगांच्या प्रतिमेत प्रत्येक चॅनलची, म्हणजे रंगाच्या थराची, टोकं वेगळी, त्यामुळे आधी चॅनल निवडावा लागतो. प्लगइनमध्ये हे सगळं लिहून ठेवलेलं असतं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. माउसने पट्टी ओढणारा हात कुठे थांबला, हे महिन्याभराने कोण सांगणार?

खरी अडचण छापताना येते. त्यासाठी १६ बिटांची प्रतिमा ८ बिटांत, म्हणजे २५६ छटांत, बदलताना इमेजजे पडद्यावरचीच टोकं वापरतं. आतापर्यंत दिसण्यापुरती असलेली निवड तिथे कायमची होते: ९००च्या जागी ४७ किंवा २२३ लिहिलं जातं आणि मूळ आकडा त्या फाइलमधून परत मिळत नाही. 'अप्लाय' बटणही बिंदूंचे आकडेच बदलतं. त्यामुळे मोजणी नेहमी मूळ फाइलवर, छपाईसाठी वेगळी प्रत, हा तिचा दंडक आहे. पेशीशास्त्राच्या नियतकालिकांनाही उजेड-छायेतला बदल चालतो, पण तो अख्ख्या प्रतिमेवर सारखा हवा आणि त्यात मूळची माहिती झाकली जाता कामा नये.

एवढं करूनही एक पेच उरतो. सगळ्यांत उजळ पेशीला सोसतील अशी टोकं ठेवली, तर मंद पेशी काळोखात बुडतात. मंद पेशींसाठी ठेवली, तर उजळ पेशींचे पांढरे डाग होतात आणि त्यांची आतली रचना दिसत नाही. प्लगइन टोकं लावतं, ती निवडत नाही. सध्या ती मुलगी प्रत्येक चित्र दोनदा छापते, दोन्ही टोकांचे आकडे खाली लिहून.