दाखला मागून येईल, लेकरू आधी वर्गात बसू दे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. टोळीच्या मुक्कामाच्या तळाजवळच जिल्हा परिषदेची शाळा असते. पण ‘आधी दाखला आणा’ एवढं ऐकून आईबाप माघारी फिरतात आणि लेकरू कोपीवरच, म्हणजे तळावरच्या झोपडीतच राहतं. ही अडवणूक कायद्याला धरून नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांबद्दल काय सांगतो, ते पाहू.

गैरसमज : शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर प्रवेश मिळत नाही.
वस्तुस्थिती : कलम 5 नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. परराज्यातून आलेल्या मुलालाही हेच लागू आहे.

गैरसमज : दाखला द्यायचा की नाही, हे मुख्याध्यापक ठरवतात.
वस्तुस्थिती : दाखला ताबडतोब द्यायचा असतो. टाळाटाळ करणारे मुख्याध्यापक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. पट घसरला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जाईल, ही शाळांची धास्ती खरी आहे. पण तिची किंमत मुलानं का मोजावी?

गैरसमज : वर्ष निम्मं सरलं की प्रवेश बंद.
वस्तुस्थिती : मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही कलम 15 प्रमाणे परत पाठवता येत नाही.

गैरसमज : जन्माचा दाखला नसेल तर नाव घालता येत नाही.
वस्तुस्थिती : वयाचा पुरावा नाही, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारायला कलम 14 मनाई करतं.

गैरसमज : शाळा बदलण्याच्या हक्कानं हव्या त्या शाळेत बदली मिळते.
वस्तुस्थिती : नाही. हा हक्क सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. खासगी विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं त्यात येत नाहीत.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड आहे. गाव सोडण्यापूर्वी ते शाळेतून मागून घ्यावं. नव्या शाळेला मुलाची इयत्ता आणि प्रगती त्यावरून कळते. तरीही कुणी अडवलं, तर कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल 3 महिन्यांत द्यावा लागतो. पण गळीत हंगामच मुळी चार-पाच महिन्यांचा. निकाल येईपर्यंत टोळी परतीच्या वाटेला लागलेली असते. म्हणून तक्रारीची वेळच येऊ न देणं महत्त्वाचं, आणि ते शाळेच्या दारात उभ्या असलेल्या गुरुजींच्या हाती आहे.