बिनवॉरंटाची घरझडती

वॉरंट नसताना पोलिसांना घरात शिरून झडती घेता येते काय, हा प्रश्न कामगारांच्या सभांतून आम्हांला वारंवार विचारला जातो. विचारणारा बहुधा एका खोलीत संसार करणारा असतो. दहा खोल्यांच्या माडीतली एक खोली उचकटली तरी नऊ शाबूत राहतात. चाळीतल्या माणसाचे मात्र देव, धान्याचे डबे, बायकोची पेटी आणि युनियनची पावतीपुस्तके, सारे एकदम उघड्यावर पडते. म्हणून या विषयाचा नीट उलगडा होणे अगत्याचे आहे.

“वॉरंट नाही, तर झडती नाही” असे पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नव्हे. मॅजिस्ट्रेटचे वॉरंट हा नियम आणि बिनवॉरंटाची झडती हा अपवाद, अशी कायद्याची मांडणी आहे. हा अपवाद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ मध्ये आहे. अंमली पदार्थांसारख्या विषयांचे खास कायदे निराळे आहेत. येथे सर्वसाधारण कायदाच पाहू.

या अपवादाला कुंपण आहे. झडती घेणारा हा पोलीस ठाण्याचा प्रमुख किंवा तपास करणारा अधिकारी असला पाहिजे. तपासाला आवश्यक अशी वस्तू त्या जागी सापडेल, आणि अन्य मार्गाने ती मिळविण्यात गैरवाजवी विलंब होईल, असे मानण्यास त्याच्यापाशी सबळ कारण हवे. ते कारण, आणि शक्य तितपत त्या वस्तूचे नाव, त्याने झडतीपूर्वी लिहून ठेवले पाहिजे. “पाहू काय सापडते ते” म्हणून घर धुंडाळण्यास हे कलम आधार देत नाही. हाताखालच्या माणसास पाठवायचे तर त्याचीही कारणे आणि लेखी हुकूम हवा. या नोंदींच्या नकला अठ्ठेचाळीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे गेल्या पाहिजेत.

प्रत्यक्ष झडतीचे नियम कलम १०३ मध्ये आहेत. परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित पंच हवेत. घरात राहणाऱ्यास किंवा त्याच्या वतीने कोणास हजर राहू दिले पाहिजे. जप्त वस्तूंची यादी करून तीवर पंचांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि तिची प्रत घरवाल्यास द्यावी लागते. नव्या संहितेने आणखी एक भर घातली: झडतीचे, यादीचे व सह्यांचे चित्रण आवाजासह, शक्यतो मोबाईलवर, झाले पाहिजे.

हे नियम मोडले तर काय? येथे न्यायालयांचा निवाडा दुहेरी आहे. राजस्थानातील तंबाखूच्या एका प्रकरणात अबकारी अधिकाऱ्याने कारणे न लिहिता झडती आरंभली, घरवाल्याने अडविले. ती झडतीच बेकायदा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. परंतु झडती बेकायदा होती एवढ्यावरून तीत सापडलेला पुरावा बाद होत नाही, असेही त्याच न्यायालयाने १९७३ साली पूरणमल खटल्यात सांगितले. १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींनी झडतीविरुद्ध खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही असे म्हटले होते; २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी ते मत रद्द करून तो हक्क मूलभूत ठरविला. तेव्हा हक्क वाढला आहे, पण बेकायदा झडतीत सापडलेली वस्तू कोर्टात पुढे येऊ शकते, ही गोष्ट विसरू नये.

यातून आमचा सल्ला निघतो. दारात झोंबाझोंबी करू नये. झडती कायदेशीर की बेकायदा याचा निवाडा उंबऱ्यावर होत नाही, आणि चूक आपली ठरली तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा अंगावर येतो. अधिकाऱ्याचे नाव व ठाणे विचारावे, झडतीभर तेथेच उभे राहावे, पंच कोण होते ते लक्षात ठेवावे, यादी वाचून तिची प्रत मागून घ्यावी. मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून झडतीच्या कारणांची नक्कल मागावी. ती घरवाल्यास फुकट मिळते. कारणे आधी लिहिली होती की मागाहून, आणि ती सबळ होती की नाही, याची तपासणी त्या कागदापासूनच सुरू होते.