बांध घालायला पैसे मिळाले, राखायला कोण देणार?

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना केलेली थोडी पाल्हाळ काढून टाकली आहे, सगळी नाही.

नोकरीला असाल तर पगाराची स्लिप उघडा. 'प्रोफेशन टॅक्स' अशी एक ओळ दिसेल. बहुतेकांना महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. 1972 चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. शहरातल्या पगारदाराने थोडा पैसा द्यायचा आणि त्यातून गावाकडच्या हातांना काम मिळायचं, असा सरळ विचार. काम म्हणजे काय, तर खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव आणि मातीची कामं: बांधबंदिस्ती, नाला बंडिंग, डोंगरउतारावर चर. म्हणजे माती वाचवण्यासाठी पैसे मोजणं आपल्याकडे पन्नास वर्षं चालू आहे. मग त्यातले कितीतरी बांध आज दिसत का नाहीत?

कारण पैसे मिळाले ते माती खणून टाकण्याचे. मोजमाप झालं, हजेरीपट भरला, मजुरी वाटली, विषय संपला. दुष्काळात घरची चूल पेटली, ही मोठीच गोष्ट होती, तिला कमी लेखायचं नाही. पण पुढच्या पावसात त्या बांधाने माती अडवली का, यावर कुणाचाच एक रुपया अवलंबून नव्हता.

आता शेतकऱ्याच्या जागेवर उभे राहून बघा. भारतात दर वर्षी हेक्टरी सरासरी 16 टन माती वाहून जाते, असा एक जुना अंदाज आहे, 1983 चा. 16 टन म्हणजे ट्रॅक्टरच्या पाच-सहा ट्रॉल्या. ऐकायला भयंकर वाटतं ना? पण तीच माती एक हेक्टरभर पसरली तर थर होतो जेमतेम एक मिलिमीटरचा. डोळ्याला दिसणारच नाही. उलट बांधाने पिकाची दोन तासं खाल्ली, ती मात्र रोज दिसतात. बैल किंवा ट्रॅक्टर वळवताना तो आडवा येतो, त्यावर गवत माजतं, उंदीर बिळं करतात. नुकसान आजचं आणि फायदा दहा वर्षांनी. त्यात शेत खंडाने घेतलं असेल तर पुढच्या वर्षी ते आपल्याकडे असेल की नाही, हेच माहीत नसतं. दुसऱ्याच्या मातीसाठी कोण राबणार?

आणखी एक भानगड आहे. शास्त्राप्रमाणे बांध समपातळीवर पाहिजे, म्हणजे उताराला आडवा. पण समपातळी रेषेला सातबारा कळत नाही. ती माझ्या शेतातून तिरकी निघून तुमच्या शेतात शिरते. शेतकऱ्याला बांध हवा असतो हद्दीवर. जॉन केर आणि एन. के. संघी या अभ्यासकांनी 1992 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: सरकार समपातळीवर बांध घालतं, आणि शेतकरी हद्दीवरचे बांध पसंत करतात. बांध कोरण्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात त्या राज्यात हे कळायला खरं तर अभ्यासकही लागू नयेत!

बाहेर काय केलं? अमेरिकेने 1985 च्या कायद्यात वेगळी वाट धरली. धूप होणारी जमीन पिकाखालून काढा, गवत किंवा झाडं लावा, आणि 10 ते 15 वर्षं सरकारकडून एकरी वार्षिक भाडं घ्या. इथे खणण्याचे नाही, जमीन तशीच झाकलेली ठेवण्याचे पैसे आहेत. 2007 पर्यंत 3.6 कोटी एकरांहून जास्त जमीन त्यात आली होती. मग मक्याचे भाव चढले, करार संपले तसे लोक बाहेर पडले, सरकारनेही मर्यादा खाली आणली, आणि 2014 च्या सुमाराला आकडा अडीच कोटींवर आला. भाड्याने घेतलेली शिस्त बाजारभावापुढे टिकत नाही. त्यात हे मॉडेल दीड-दोन एकरवाल्याला परवडणारं नाहीच. तो जमीन पडीक ठेवून खाणार काय?

आपल्याकडे मला जास्त जमलेली वाटते ती 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. ही योजना 2017 ची. सुरुवातीला शेतकरी धरणातला गाळ स्वतःच्या खर्चाने वाहून न्यायचा. 2023 पासून अल्पभूधारकांना घनमीटरमागे 35.75 रुपये, अडीच एकरांपर्यंत, जास्तीत जास्त 37,500 रुपये मिळू लागले. इथे सरकारला कुणाची मनधरणी करावी लागत नाही, कारण गाळ पसरला की पुढच्याच हंगामात पीक बोलतं. फक्त गंमत बघा: हा गाळ म्हणजे वरच्या शेतांतून वाहून आलेली मातीच. वर ती थांबवायला पैसा कमी पडतो आणि खालून परत आणायला आपण अनुदान देतो.

मग करायचं काय? माझं मत असं, आणि त्यावर तुम्ही खुशाल भांडा. बांधाचे सगळे पैसे पहिल्या वर्षी देऊन टाकू नयेत. मजुराची मजुरी लगेच, त्यात हयगय नको. पण शेतकऱ्याला, खंडाने करणारा असला तर त्यालाही, बांध तीन पावसाळे उभा राहिला म्हणून दर वर्षी थोडी रक्कम मिळावी. जमिनीची दोन तासं गेली, त्याची ती भरपाई समजा. आणि पैसे एकट्याला नकोत, एका उतारावरच्या सगळ्यांना मिळून हवेत. वरच्याने बांध फोडला तर खालच्याचाही हप्ता अडकतो म्हटल्यावर भावकीच लक्ष ठेवेल. यातून नवी भांडणं होतील का? होतील. पण आजही होतातच, फक्त बांध कोरण्यासाठी होतात.

तपासणी कोण करणार, असं विचाराल. मनरेगाच्या कामांचे जिओटॅग केलेले फोटो घ्यायची पद्धत आली तेव्हा टप्पे ठरले: कामाआधी, काम चालू असताना आणि काम पूर्ण झाल्यावर. मोबाइल तोच, माणूस तोच, जागा तीच. तीन पावसाळ्यांनंतरचा चौथा फोटो काढायचा, एवढंच वाढवायचं आहे.

तुमच्या शिवारात असा जुना सरकारी बांध असेल, तर या पावसाळ्यात एखादी मोठी सर येऊन गेल्यावर तिथे जाऊन या. कुठे फुटला आहे, कुणी फोडला आहे, आणि का, हे घरच्या मोठ्यांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. नावं सांगू नका, गावात राहायचंय तुम्हाला! पुढच्या भागात त्यातल्याच काही ऐकू.