ट्रक शिकताना: हायवेवरच्या पहिल्या महिन्यांत काय काय पुढ्यात येतं

आरटीओच्या मैदानावरची परीक्षा बहुधा रिकाम्या गाडीवर होते. पुढे तीच गाडी पंधरा-वीस टन माल घेऊन घाट उतरायला लागते आणि खरं शिक्षण तिथून सुरू होतं. म्हणूनच नवा ड्रायव्हर आधी काही महिने जुन्या ड्रायव्हरच्या, म्हणजे उस्तादाच्या जोडीला जातो. या काळात काय शिकायचं आणि कशाला ठाम ‘नाही’ म्हणायचं, ते इथे क्रमाने पाहू.

आधी लायसन्स

मालवाहू गाडीच्या ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी वय किमान २० वर्षं लागतं. शिकाऊ लायसन्स काढण्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स मिळून किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. एकूण ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे अनेक जण आधी छोटा टेम्पो चालवून मग ट्रककडे वळतात आणि हा रस्ता चांगलाच आहे.

शिकाऊ लायसन्स असेल तर गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी हवी आणि शेजारी लायसन्सधारक शिकवणारा जागा हवा. रात्री उस्ताद मागे झोपला आणि क्लीनरने गाडी हाकली, हा प्रकार सर्रास चालतो. पण अपघात झाला तर गुन्हा क्लीनरवर येतो, मालकही सुटत नाही आणि विम्याच्या दाव्यात अडचण उभी राहते. असं सांगितलं गेलं तर गाडी बाजूला घेऊन सगळ्यांनी झोपलेलं बरं.

स्टेअरिंग लगेच मिळत नाही

सुरुवातीला काच पुसणं, ताडपत्री बांधणं, रस्सा ओढणं आणि रिव्हर्स घेताना मागे उभं राहणं, हीच कामं वाट्याला येतात. ती कमीपणाची मानू नका. रस्सा कुठे सैल पडतो, माल कुठल्या बाजूला सरकतो, हे बांधणाऱ्यालाच कळतं.

स्टेअरिंग मिळेल तेव्हाचा शहाणा क्रम असा: आधी दिवसा, सपाट चौपदरी रस्त्यावर खाली गाडी. मग तिथेच भरलेली गाडी. मग शहरातली गर्दी, त्यानंतर रात्र आणि सगळ्यात शेवटी घाट. उस्ताद घाईने पायऱ्या गाळत असेल तर स्पष्ट बोला.

निघण्याआधी एक फेरी

चांगला ड्रायव्हर चावी लावण्याआधी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, हातात घेऊन गाडीभोवती फिरतो आणि प्रत्येक टायर ठोकतो. हवा पुरेशी असेल तर टॉमी उसळून परत येते आणि आवाज खणखणीत येतो. हवा कमी असेल तर ‘धप्’ असा मेलेला आवाज येतो. मागच्या जोडचाकांतलं आतलं टायर डोळ्यांना दिसत नाही, ते या आवाजानेच पकडायचं. दोन टायरांच्या मध्ये दगड अडकला असेल तर तिथेच काढायचा. चाकाच्या नटाभोवती गंजाची ताजी रेघ दिसली तर तो नट ढिला असण्याची शक्यता धरायची.

मग ऑइल, पाणी, लाइट आणि एअर टँकमध्ये साचलेलं पाणी बघायचं. बीएस-६ गाडी असेल तर डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची, पातळीही बघायची. ते संपलं तर इंजिनची ताकद आपोआप कमी होते. हवेचं प्रेशर पुरेसं चढून बझर बंद होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही.

वजन आणि वळण

भरलेली गाडी थांबायला खाली गाडीपेक्षा कितीतरी जास्त अंतर घेते. पुढच्या गाडीशी अंतर ठेवलं की त्यात कार घुसते. तेव्हा चिडायचं नाही, पुन्हा अंतर वाढवायचं. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेतून जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापतात. डावं वळण घेताना डाव्या अंगाला आलेला दुचाकीस्वार म्हणूनच सगळ्यात जास्त धोक्यात असतो. नुसत्या आरशावर विसंबू नका, क्लीनरला बघायला सांगा.

क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, असा नियम आहे. काटा चिठ्ठी बघूनच निघा.

घाट उतरताना

खंडाळा, कसारा, खंबाटकी, कुठलाही घाट असो, उतार लागण्याआधीच गिअर खाली आणायचा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि वेग इंजिनने व एक्झॉस्ट ब्रेकने धरायचा. पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि लागेनासा होतो. पुन्हा पुन्हा पंप केला तर टाकीतली हवा संपते.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं हा सगळ्यात वाईट धडा. न्यूट्रलमध्ये इंजिनचा आधार जातो. इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टेअरिंग जड होतं. वेग वाढल्यावर मोठ्या गाडीत गिअर परत पडेलच, याची खात्री नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार याच कारणाने बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच ट्रकने चाळीसहून जास्त वाहनांना धडक दिली. अरुंद चढावर समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही लक्षात ठेवा.

झोप आणि तास

मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात, २०२५ मध्ये तो रद्द होईपर्यंत, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशी मर्यादा होती. प्रत्यक्षात ‘उद्या सकाळी माल पोचलाच पाहिजे’ असा फोन येतो. रात्री दोन ते पाच आणि दुपारच्या जेवणानंतरची वेळ सर्वात अवघड असते. चहा, तंबाखू किंवा मोठं गाणं झोप घालवत नाही, थोडी पुढे ढकलतं. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, तर पुढच्या सुरक्षित जागी गाडी लावून झोपा. ट्रक शोल्डरवर उभा करू नका.

वाटेत अडलात तर

मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस, या हिशेबाने असते. गाडी बंद पडली किंवा कोंडीत अडकली तर ताबडतोब मालकाला कळवा. मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर ८ तासांच्या आत ती वाढवता येते. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर बिलातला गाडीचा नंबरही बदलावा लागतो.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२. अपघात झाला तर जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही कायद्याने ड्रायव्हरची जबाबदारी आहे. जमावाची भीती असेल तर तिथून निघा, पण जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच हजर व्हा. पळून गेलात तर प्रकरण जास्त बिघडतं.

एकट्याने गाडी कधी घ्यावी

किती किलोमीटर चालवलं, यावर हे ठरवू नका. भरलेली गाडी घाटात ब्रेक न तापवता उतरवता येते का, अरुंद गोदामात क्लीनरच्या इशाऱ्यावर रिव्हर्स लावता येते का, आणि मालकाचा फोन चालू असताना ‘आता झोपतो, पहाटे निघतो’ असं सांगता येतं का, हे बघा. पहिल्या दोन गोष्टी उस्ताद शिकवतो. तिसरी तुमची तुम्हालाच शिकावी लागते, आणि ती येईपर्यंत एकट्याने गाडी घेऊ नका.